तिघींचं घर, चौथीचा प्रवेश

दिवाळीचा बोनस खात्यात पडला की आयटीतली मुलं नोकऱ्या बदलतात आणि त्यांच्यामागे पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटमधली एकेक खोली रिकामी होते. गेल्या महिन्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांतली निम्मी याच विषयाची आहेत, म्हणून हा अंक त्यालाच देते. मी वकिली करते आणि आमच्या घराचा वरचा मजला नोकरी करणाऱ्या मुलींना भाड्यानंही देते. तेव्हा घरमालकांची बाजू मी मांडत नाही अशी तक्रार कुणी करू नये, आणि फक्त त्यांचीच मांडते अशीही नको.

प्रश्न : ताई, आम्ही तिघी कर्वेनगरला एका टूबीएचकेमध्ये राहतो. भाडं २७,००० रुपये, डिपॉझिट ९०,००० रुपये, दोन्ही तिघींत सारखं वाटलेलं. १ जुलैपासून ११ महिन्यांचा करार आहे आणि त्यात तिघींचीही नावं आहेत. आमच्यातली एक नोव्हेंबरअखेर हैदराबादला चालली आहे. तिच्या जागी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची मावसबहीण यायला तयार आहे. घरमालक काका म्हणाले, ‘तुमचं तुम्ही बघा, मला महिन्याच्या महिन्याला भाडं मिळाल्याशी मतलब. नवीन मुलीचं आधार तेवढं पाठवून ठेवा.’ जाणारी म्हणते, नवीन मुलीनं मला ३०,००० द्यावेत, विषय संपला. आणि नवीन मुलीचे वडील विचारतात, डिपॉझिट मालकाला न देता या मुलीला का द्यायचं? तिघांचंही बरोबर वाटतं. काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तिघांपैकी त्या वडिलांचा प्रश्न सगळ्यांत नेमका आहे, म्हणून तिथूनच सुरू करू.

तुमचे ९०,००० रुपये कुणाकडे आहेत? काकांकडे. ते परत कुणाला करायचे, हे कशात लिहिलंय? करारात. करारात नावं कुणाची? तुम्हा जुन्या तिघींची. नवीन मुलीनं ३०,००० जाणारीच्या खात्यात टाकले, तर कागदावर त्या दोघींमध्ये फक्त पैशांची देवाणघेवाण झाली. काकांनी तिच्याकडून एक रुपयाही घेतलेला नाही. उद्या मेअखेर घर सोडताना काका म्हणाले, ‘बाळ, मी तुला ओळखत नाही’, तर ती कशाच्या जोरावर भांडणार? काका तसं म्हणणार नाहीत, मला मान्य. पण काकांना काही झालं आणि व्यवहार त्यांच्या परगावच्या मुलानं हातात घेतला, तर तो कागदच बघेल.

आता जाणारीची बाजू. तिला वाटतं की पैसे मिळाले, सुटलो. ती सुटत नाही. ११ महिन्यांच्या करारावर तिचा अंगठा आणि फोटो आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ४३ सांगतं की अनेकांनी मिळून एखादी जबाबदारी घेतली आणि वेगळं काही ठरवलेलं नसलं, तर समोरचा माणूस त्यांच्यातल्या कुणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्यानं भरली त्यानं मग इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करायचा. म्हणजे फेब्रुवारीचं भाडं थकलं, तर काका हैदराबादला फोन करून तिच्याकडे सगळे २७,००० मागू शकतात. ‘मी तर नोव्हेंबरातच गेले’ हे उत्तर तुम्हा दोघींना पुरेल, काकांना नाही. काकांशी झालेला करार काकांच्या संमतीवाचून बदलत नाही, आणि ती संमती लेखी हवी.

तेव्हा ‘तुमचं तुम्ही बघा’ हे काकांचं वाक्य कितीही मायेचं असलं, तरी ते मनावर घेऊ नका. त्यांना प्रेमानं सांगा की हा कागद त्यांच्याच सोयीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घर देण्याचा करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी करणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती पार पाडली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कैद झालेला मालक मी पाहिलेला नाही, पण त्याच कलमातली पुढची ओळ मालकांना जास्त टोचते. लेखी, नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं, ते खोटं असल्याचं सिद्ध होईपर्यंत. काकांना ही ओळ वाचून दाखवा. आधार पाठवण्याऐवजी ते स्वतःच एजंटला फोन करतील.

‘११ महिन्यांचा आहे, त्याला कुठे नोंदणी लागते’ असं कुणीतरी सोसायटीत सांगेलच. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, हा नोंदणी कायदा, १९०८ चा नियम आहे आणि अकरा महिन्यांची पद्धत त्यातून आली. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे ती पळवाट उरलेली नाही. नोटरीचा शिक्का मारलेला करार म्हणजेही नोंदणी नव्हे. हे मी इतक्या वेळा लिहिलंय की संपादक आता ते वाक्य आपण होऊन टाइप करून ठेवतात.

मग करायचं काय? जुना करार ३० नोव्हेंबरला सर्वांच्या संमतीनं संपवायचा आणि १ डिसेंबरपासून तुम्ही दोघी अधिक नवीन मुलगी असा नवा करार करायचा. नव्या करारात जुन्याचा नोंदणी क्रमांक आणि तारीख लिहून तो संपल्याचा उल्लेख करायचा. जुना संपल्याच्या पत्रावर काका आणि तुम्ही तिघी, चौघांच्याही सह्या हव्यात. जाणारीनं या पत्राची प्रत बरोबर न्यावी, तिच्या सुटकेचा कागद तो आहे.

खर्चाला घाबरू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या दोहोंच्या बेरजेवर ०.२५ टक्के असतं. तुमचं गणित मांडते. ११ महिन्यांचं भाडं २,९७,०००. डिपॉझिटवरचं ११ महिन्यांचं व्याज ८,२५०. बेरीज ३,०५,२५०, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ७६३ रुपये, वरच्या शंभरात धरले तर ८००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यावर किरकोळ हाताळणी शुल्क आणि घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्या एजंटची फी. तिघींत वाटलं तर दोनदा बाहेर जेवायला जाण्याइतकाही खर्च येत नाही.

इथे एक सावधगिरी. नवा करार म्हटलं की काही मालकांना भाडंवाढ आठवते. ‘नवीन ११ महिने, नवीन भाडं’ असं काका म्हणू शकतात. तुमच्या जुन्या कराराचे सहा महिने शिल्लक आहेत आणि त्या सहा महिन्यांत भाडं २७,००० हे ठरलेलं आहे. तेव्हा नवा करार १ डिसेंबर ते ३१ मे एवढाच करा, अटी त्याच, भाडं तेच, फक्त एक नाव बदललेलं. तुम्हाला पुढेही तिथेच राहायचं असेल आणि काका थोडक्या वाढीवर ११ महिने द्यायला तयार असतील, तर तेही वाईट नाही. पण ते तुम्ही निवडा, तुमच्यावर येऊन पडू देऊ नका.

डिपॉझिट कसं फिरवायचं? माझ्या मते एकच नीट मार्ग आहे. नवीन मुलीनं ३०,००० काकांच्या खात्यात टाकायचे आणि काकांनी त्याच दिवशी जाणारीच्या खात्यात ३०,००० परत करायचे. काकांच्या खिशातून एक पैसा जात नाही, त्यामुळे ‘पैसे एफडीत अडकलेत’ ही सबब इथे चालत नाही. बँकेच्या नोंदींत दोन्ही व्यवहार स्वच्छ दिसतात. काका यूपीआयला बिचकत असतील तर दोन चेक. तेही नको म्हणाले आणि पैसे मुली-मुलींतच फिरवायची वेळ आली, तर निदान एका कागदावर लिहा : ‘डिपॉझिट ९०,००० माझ्याकडे जमा आहे, त्यातला अमुक हिचा ३०,००० चा हिस्सा आजपासून तमुक हिच्या नावे समजावा.’ खाली काकांची सही. ही एवढी सही मिळत नसेल, तर नवीन मुलीच्या वडिलांनी पैसे देऊ नयेत, असं मी त्यांची वकील असते तरी सांगितलं असतं.

आता ३०,००० चे पूर्ण ३०,००० द्यायचे का? इथे खरी भांडणं होतात, आणि कायद्याच्या पुस्तकात याची उत्तरं नाहीत. बहुतेक मालक घर सोडताना रंगाचे पैसे कापतात. तुमच्या करारात तशी अट आहे का ते आधी बघा. असेल, तर जाणारी पाच महिने राहिली, नवीन मुलगी सहा महिने राहणार. मेमध्ये काकांनी समजा ९,००० कापले, तर एकीच्या वाट्याला ३,०००. ते सगळे नवीन मुलीनं का भरावेत? पाच-सहाच्या प्रमाणात विभागलं तर जाणारीचा वाटा साधारण १,३६४ येतो. तेवढी रक्कम तिनं आत्ताच तुमच्याकडे ठेवून जावं, किंवा सगळ्यांनी मोठ्या मनानं सोडून द्यावं. पण काय ते ३० तारखेच्या आत बोलून घ्या. जून महिन्यात हैदराबादला फोन करून १,३६४ रुपये मागायची हिंमत तुमच्यापैकी कुणाला होणार नाही. तुम्ही मनात चरफडाल, एवढंच.

मोडतोडीचं वेगळं. तिच्या खोलीतल्या कपाटाचं दार तुटलंय, बाथरूमच्या नळाची चावी फिरत नाही, गादीवर चहाचा डाग आहे, हे सगळं जाण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ काढून चौघींच्या आणि काकांच्या ग्रुपवर टाका. नवीन मुलीला घर कोणत्या स्थितीत मिळालं, याचा तो दाखला. तिला जुन्या मोडतोडीची भरपाई करावी लागू नये.

वीजबिलाचा घोळ नेहमीचा. महावितरणचं बिल वापरानंतर येतं, तोवर माणूस गेलेला असतो. ३० नोव्हेंबरच्या संध्याकाळी मीटरचा फोटो काढा. मागच्या बिलावरच्या रीडिंगपासून त्या दिवसापर्यंतची युनिटं जुन्या तिघींची, पुढची नव्या तिघींची. वायफाय जाणारीच्या नावावर आहे का ते पाहा. असेल तर नाव बदला किंवा नवीन जोडणी घ्या, कारण ती तिकडे गेल्यावर ओटीपी तिच्या मोबाइलवर येत राहणार. फ्रिज तिघींनी मिळून सेकंडहँड घेतला असेल, तर त्याची आजची किंमत ठरवून तिचा तिसरा हिस्सा तिला द्या किंवा नवीन मुलीकडून द्यायला लावा. ‘आम्ही जाताना विकू तेव्हा पाठवू’ असं म्हणू नका. स्वयंपाकाच्या मावशींचा महिना पूर्ण झाला का, तेही बघा. त्यांचे पैसे कोण देणार या गोंधळात त्यांचेच बुडतात.

राहिलं आधार. ते व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार पाठवा, ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळतं. नोंदणीच्या वेळी खरा अंगठा लागेलच. आणि नवीन मुलगी जुन्या करपद्धतीत एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची, करसूट घेत असेल, तर तिच्या ऑफिसला करार लागेल. तिचं वर्षाचं भाडं ९,००० गुणिले १२ म्हणजे १,०८,००० होतं. एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. काही काका इथेच अचानक गप्प होतात. का, ते तुम्ही ओळखा.

प्रश्न : माझा चिंचवडचा फ्लॅट मी एका मुलाला दिला होता. करार त्याच्या एकट्याच्या नावानं, नोंदणीकृत. ‘दोन मित्र राहतील’ असं तो म्हणाला होता, मी हो म्हटलं. आता मी सांगलीला असते. परवा सोसायटीच्या सचिवांचा फोन आला, तेव्हा कळलं की तो मुलगा केव्हाच गेला, त्याचे दोन मित्रही बदलले आणि आता तिघेही वेगळेच आहेत. भाडं मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला येतं, कधी एकाच्या खात्यातून, कधी दुसऱ्याच्या. मुलं चांगली आहेत म्हणतात. मी काही केलं नाही तर चालेल का?
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : नाही चालणार, ताई. मुलं चांगली आहेत तोवरच हे करून घ्या, कारण चांगल्या मुलांकडून सह्या पटकन मिळतात.

तुम्ही ज्याला घर दिलं, त्याला कायद्यानं फक्त राहण्याची परवानगी दिली होती. असा परवाना भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ प्रमाणे सहसा दुसऱ्याला देता येत नाही, कलम ५६ पाहा. त्यामुळे त्यानं ‘माझ्या जागी हा’ असं म्हणून आणलेल्या मुलाला तुमच्या घरात राहण्याचा कागदोपत्री काहीच आधार नाही. पण दुसरीकडे, तुम्ही महिनोन्महिने त्याच्या खात्यातून आलेलं भाडं घेतलंय. उद्या तो म्हणाला की मालकिणीशी माझं तोंडी ठरलंय, तर मघाशी सांगितलेलं कलम ५५ त्याच्या बाजूनं वाचलं जाऊ शकतं. हा धोका अनोळखी माणसापेक्षा त्या न लिहिलेल्या व्यवहारातून येतो.

नोंदणीकृत कराराचा मालकाला मोठा फायदा असतो. मुदत संपूनही राहणारा उठला नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. नेहमीच्या दिवाणी दाव्याच्या मानानं तो रस्ता पुष्कळ जवळचा. पण तो खुला राहण्यासाठी घरात राहणारी माणसं आणि करारातली माणसं तीच असावी लागतात. तुमच्या घरात आता ती नाहीत.

चिंचवडला एक फेरी मारा. तिघांना बसवून त्यांची ओळखपत्रं, नोकरीचा पुरावा, गावाकडचा पत्ता आणि घरच्या एका माणसाचा फोन घ्या. पहिल्या मुलाकडून करार संपल्याचं आणि डिपॉझिटचा हिशेब पूर्ण झाल्याचं लिहून घ्या. त्याचं डिपॉझिट पुढच्या मुलानं त्याला दिलं असणार, त्या पुढच्यानं त्याच्या पुढच्याला, अशी साखळी असते. ती सगळी त्याच बैठकीत मोकळी करा. मग तिघांच्याही नावानं नवा करार करा. त्यात पुढे कुणी बदलायचं असेल तर ३० दिवस आधी लेखी कळवणं, तुमची लेखी संमती घेणं आणि नवा करार झाल्याशिवाय चावी न देणं, या अटी घाला. नव्या कराराचा खर्च जाणारा आणि येणारा मिळून करतील, असंही लिहा. मी माझ्या वरच्या मजल्याच्या करारात हे लिहिते, कुरकुर कुणी करत नाही.

पोलिसांकडे माहिती देणं राहून गेलंय, हे तुमच्या पत्रावरून कळतंच. भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश पोलीस आयुक्तालयं वेळोवेळी काढतात आणि ते मालकाला उद्देशून असतात. ते मोडले तर आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा लागू शकतो. पहिल्या मुलाची माहिती दिली होती, हे या तिघांसाठी उपयोगाचं नाही, दर नव्या माणसाची वेगळी द्यायची. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पोच छापून ठेवा.

आणि एक. सचिवांनी सुचवलं तरी कुलूप बदलणं, पाणी बंद करणं, मीटर काढून टाकायला लावणं यातलं काही करू नका. घर तुमचं असलं तरी चूक तुमची ठरेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक मुलगी बदलली तरी कमिटी दर वेळी ‘ट्रान्सफर फी’ म्हणून ५,००० रुपये आणि एनओसी मागते. शिवाय आता ठराव करणार आहेत की बॅचलर मुला-मुलींना फ्लॅट द्यायचाच नाही. हे बरोबर आहे का?
— एक सभासद, ठाणे

उत्तर : नाही. सभासदानं फ्लॅट भाड्यानं दिला तर सोसायटीला घेता येतं ते बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घ्यायचं शुल्क, आणि तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानं ही मर्यादा घातली आहे. महापालिकेचे कर त्या सेवाशुल्कात धरायचे नाहीत. महिन्याला सेवाशुल्क १,८०० असेल तर जास्तीत जास्त १८० रुपये. आत एक मुलगी बदलली म्हणून त्यात एक रुपयाही वाढत नाही. हस्तांतर शुल्क फ्लॅटची मालकी बदलते तेव्हाचं असतं.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदानं सोसायटीला आगाऊ कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांकडच्या नोंदीची पोच द्यायची. परवानगी मागायची नाही. अविवाहितांना घर देऊ नये असं त्या उपविधींत कुठेही नाही. तरीही ठराव केलाच, तर आधी सोसायटीला लेखी हरकत द्या, नंतर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा. पावतीशिवाय ५,००० देणाऱ्या सभासदांचाही मला राग येतो. ते देतात म्हणून कमिटी मागते.

प्रश्न : मॅडम, मी पवईत दोघांसोबत राहतो. मला घर सोडायचंय. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन आहे, म्हणजे तोवर घर सोडता येत नाही, त्यातले चार झालेत. मी माझ्या जागी यायला तयार असलेली चार मुलं आणली. रूममेट्सनी चौघांनाही नकार दिला. एक मांसाहारी, एकाची नाइट शिफ्ट, एक ‘फार बोलतो’ आणि एकाला गिटार येते. मालक म्हणतो, माणूस द्या नाहीतर भाडं द्या. मी कुठवर भरायचं?
— एक त्रस्त, मुंबई

उत्तर : गिटारवाल्याबद्दल मला त्यांच्याशी थोडी सहानुभूती आहे.

लॉक-इन तुम्ही सही करून मान्य केलाय, त्यामुळे उरलेल्या दोन महिन्यांच्या तुमच्या वाट्याची तयारी ठेवा. यापलीकडे नाही. कुणासोबत एका छताखाली राहायचं हे ठरवायचा अधिकार तुमच्या रूममेट्सना आहे, आणि मी त्यांना मन मोठं करायची सक्ती करणार नाही. पण त्या अधिकाराची किंमत त्यांनीही मोजावी. करार कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की नुकसानीचा हिशेब करताना ते टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते, हेही पाहायचं. भाडं भरू शकणारी, नोकरी असलेली मुलं तुम्ही समोर उभी केलीत आणि त्यांनी ती परत पाठवली, तर लॉक-इननंतरचं भाडं तुमच्याकडून मागायला त्यांचा आधार फार लंगडा आहे.

त्यांना आजच एक मेसेज करा. कोणती मुलं कोणत्या तारखेला आणली, त्यांचं उत्पन्न काय, नकाराचं कारण काय, सगळं लिहा. मालकालाही त्यात घ्या. मग सुचवा : लॉक-इनच्या अखेरपर्यंत माझा वाटा मी भरतो, त्या आत तुम्ही तुमच्या पसंतीचा माणूस शोधा, त्यानंतर तुमचं तुम्ही. मालकाकडून तुमच्या जाण्याची तारीख लेखी मान्य करून घ्या, नाहीतर वर पुण्याच्या मुलीला सांगितलेलं कलम ४३ तुम्हालाही लागू होईल. ती तारीख आली की चावी मालकाच्या हातात द्या, रूममेटच्या नाही, आणि पोच घ्या.

मांसाहाराची अट त्यांना इतकी महत्त्वाची असेल तर ती जाहिरातीतच लिहायला सांगा, म्हणजे पाचवा मुलगा विरारहून फुकट येणार नाही.

प्रश्न : रूममेट बदलताना ब्रोकरनं पूर्ण महिन्याची दलाली मागितली. द्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पूर्ण फ्लॅटच्या भाड्याइतकी? मुळीच नाही. त्यानं घर शोधून दिलेलं नाही, घर तुमच्याकडेच आहे. त्यानं एका खोलीला माणूस दिला, तर फार तर त्या एका वाट्याच्या भाड्यावर घासाघीस करा, आणि ती रक्कम येणाऱ्यानं द्यायची की जाणाऱ्यानं, हे माणूस घर बघायला येण्याआधी ठरवा. माणूस तुम्हीच शोधला आणि ब्रोकरनं फक्त करार केला, तर त्याला कराराची फी द्या. टोकन म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर घर पाहिल्याशिवाय आणि मालकाशी बोलल्याशिवाय देऊ नका.